तीन ओ

गिरेसुनला जुलैअखेर हेझलनट भरायला लागतात
आणि अफवा.
दोन्ही आधी हिरव्या असतात,
दोन्ही दाताखाली धरल्या की दातच दुखतो.

नुरेत्तिनच्या सलूनमध्ये दाढी एकाचीच चालू असते,
बाकीचे पाचजण आघाडीची फळी दुरुस्त करत बसतात.
"येतोय," शाकिर म्हणाला. "माझ्या मेहुण्याचा साडू
इस्तंबूलला हॉटेलात सामान उचलतो. त्यानं बॅग पाहिली."
"कुणाची बॅग?"
"मोठी होती."
एवढ्यावर आम्ही ओबोलोला डावीकडून खेळवला,
दोन गोल मारून घेतले,
गुडघा दुखावला म्हणून तीन आठवडे विश्रांतीही दिली.
बाजारात तुरी अजून यायच्या होत्या
आणि आम्ही त्याच्या पगारावरून हातघाईवर आलेलो.
वस्तरा गालावर धरून नुरेत्तिन म्हणाला,
"हलू नका हो, मीही ऐकतोय."

मग बातमी आली ती पक्की.
हिज्रानताई क्लबच्या जर्सी धुते,
इस्त्रीनं पाठीवर नावं चिकटवते.
तिनं बंदरामागच्या दुकानातून
तीन ओ विकत घेतले.
तीन.
ओ. बो. लो.
बोटांवर मोजा, सांगत शाकिर गल्लीभर फिरला.
मासळीवाल्यानं मोजले, इमामसाहेबांनी हसत मोजले,
शाळा बुडवलेल्या पोरांनी गणित बरोबर सोडवलं.
तिला जाऊन विचारावं
असं एकाच्याही मनात आलं नाही.

विमानतळ आमचा समुद्रात आहे,
दगड टाकून टाकून धावपट्टी पाण्यावर काढलेली.
रात्री साडेअकराला दोनशे माणसं, चेरीच्या रंगाचे मफलर,
एक ढोल, आणि फोनच्या पडद्यावर
पिवळं, नखाएवढं विमान.
सिनोप ओलांडलं. सामसुन ओलांडलं.
काळ्या समुद्रावरून सरकणारं ते चिन्ह
आम्ही सगळे श्वासानं ओढत होतो.

माझा भाऊ याच दारातून गेला, उलट्या बाजूनं.
एकवीस वर्षांचा होता. डुइसबर्गला, मावसकाकाच्या गोदामात.
किंमत कुणी लावली नाही,
कराराची मुदत कुणी विचारली नाही.
आई तेवढी दरवर्षी जूनमध्ये म्हणते,
"या उन्हाळ्यात येणार आहे म्हणे."
म्हणे कोण, ते ती सांगत नाही.

दार सरकलं.
उंच माणूस, मोठी बॅग.
ढोल फुटेस्तोवर वाजला. त्याला खांद्यावर घेतला,
गळ्यात मफलर, चष्मा कुठेतरी गेला.
तो जर्मन भाषेत काहीतरी ओरडत होता.
शाकिर म्हणाला, क्लबवर प्रेम आहे म्हणतोय.
हॅम्बुर्गचा व्यापारी होता तो,
यंदाच्या पिकाचा भाव ठरवायला आलेला.
खाली उतरवल्यावर त्यानं शर्ट नीट केला,
मफलर मात्र काढला नाही.
त्या वर्षी भाव किलोमागे थोडा चढाच मिळाला,
पण ते मी शपथेवर सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी हिज्रानताईला कुणीतरी विचारलंच.
दोरीवर मोजे वाळत घालत होती.
"ओ कुठले? शून्यं होती ती.
दहा, वीस आणि तीस नंबरची.
धुण्यात आधी शून्यच निघून येतं,
एक, दोन, तीन चिकटून राहतात, का कोण जाणे."
तोंडातला चिमटा काढून म्हणाली,
"गेल्या मोसमात दहा नंबरवाला
अर्धे सामने एक नंबर म्हणून खेळला.
तुमच्यातल्या एकाला तरी दिसलं का?"

सप्टेंबरात खिडकी बंद झाली.
ओबोलो कुठे गेला, की होताच कुठे, माहीत नाही.
सलूनमध्ये दोन दिवस हवापाण्यावर बोलणं झालं.
तिसऱ्या दिवशी शाकिरनं आरशात बघत,
मान मागे टाकून, गळ्यावर फेस असताना,
हळूच म्हटलं,
"परवा दुकानातून तिनं
एक बी नेलाय."
नुरेत्तिनचा वस्तरा थांबला.
"पुढे?"